आंबवणे आणि गाळणे

नाताळच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. नोकरी पुण्यात, हातात चार पैसे खेळतात, आणि शाळेत असतानाची खटपटी वृत्ती अद्याप गेलेली नाही. त्याने फोनवर मला दोन चित्रे दाखविली. पहिल्यात झाकणाची एक मोठी प्लास्टिकची बादली, रबरी नळी, एक वाकडी काचनळी आणि द्राक्षरसाची पिशवी होती. घरच्या घरी वाइन करण्याचा हा संच. दुसऱ्या चित्रात कुकराएवढे चकचकीत पोलादी भांडे होते. त्याच्या झाकणातून तांब्याची नळी निघून शेजारच्या पाण्याच्या डब्यात वेटोळे घालीत उतरली होती. "सर, यांतले कोणते घेऊ?" त्याने विचारले. दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती, तेव्हा एकाच कामाच्या या दोन तऱ्हा असाव्यात असा त्याचा समज झाला होता.

बेळगावात आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न अगदीच परका नाही. नाताळपूर्वी मनुकांची वाइन घालणे हा आमच्याकडे करंज्या-नेवऱ्यांइतकाच घरगुती व्यवहार होता. आणि सुटीत गोव्याला गेले की सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या भट्टीवर जाऊन बसणे, हाही माझा जुना नाद आहे. त्यामुळे या दोन कामांतला भेद मला पुस्तकापेक्षा डोळ्यांनी आधी कळला. एक काम आंबवण्याचे, दुसरे गाळण्याचे. त्याच्या हातातल्या चित्रांत एवढाच, पण फार मोठा फरक होता.

आंबवणे हे निसर्गाचे काम आहे. माणूस त्यात केवळ राखणदार. गोड रसात किण्व, म्हणजे यीस्टचे सूक्ष्म जीव शिरले की ते साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू करतात. एक लिटर रसातली सुमारे सतरा ग्रॅम साखर संपली की मद्यार्क एक टक्का वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. पण हे जीव स्वतःच निर्माण केलेल्या मद्यार्कात फार काळ तग धरीत नाहीत. तो चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचला की बहुतेक जातींचे काम थांबते. वाइनची तीव्रता एका मर्यादेपुढे जात नाही ती यामुळे. तिला कुंपण घालणारा तिच्या पोटातच बसलेला असतो.

घरगुती संचात याहून गूढ काही नाही. आटवलेला द्राक्षरस, वाळवलेल्या किण्वाची पुडी, गाळ खाली बसवण्यासाठी बेंटोनाइट नावाची माती, रस बिघडू नये म्हणून गंधकयुक्त क्षाराची पुडी, आणि ती वाकडी काचनळी. या नळीच्या वळणात थोडे पाणी असते. आतला वायू त्यातून बुडबुडे काढीत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. हवा शिरली की तिच्याबरोबर दुसरे जंतू येतात आणि वाइनचा शिरका होतो. संचात काचेचा एक तरंगकाटाही असतो. रसात साखर जास्त असली की तो वर तरंगतो, साखर संपत आली की खाली बुडतो. आरंभी १.०८५ दाखवणारा काटा काही दिवसांनी ०.९९५ पर्यंत उतरला, तर सुमारे बारा टक्के मद्यार्क तयार झाला असे समजावे. नेहमीच्या संचातून तेवीस लिटर, म्हणजे तीस बाटल्या निघतात. चार ते सहा आठवडे लागतात. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. वाइन नितळ करण्यासाठी दिलेल्या पुड्यांपैकी एखादी माशाच्या वायुकोशापासून किंवा कोळंबीच्या कवचापासून केलेली असू शकते. वेष्टन वाचून घ्यावे.

हे सारे परदेशी वाटत असेल, तर आपल्या घरातले औषधांचे कपाट उघडून पाहावे. द्राक्षासवाची बाटली तेथे असेलच. वैद्य मंडळी आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालतात, ती काही सुगंधासाठी नव्हेत. त्या फुलांच्या अंगी जे किण्व असते, ते गूळ व द्राक्षे आंबवते. संचातल्या पुडीचे काम आपल्याकडे शतकानुशतके धायटीने केले. आसवांच्या बाटलीवर स्वयंजात मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. पाच ते दहा टक्के असा तो आकडा पाहून अनेक सोवळ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांचे डोळे विस्फारले आहेत. असो.

आमच्या आईची रीत संचापेक्षा साधी होती. काळ्या मनुका, साखर, उकळून गार केलेले पाणी, मूठभर गहू आणि चिमूटभर यीस्ट चिनीमातीच्या बरणीत घालायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि एकवीस दिवस रोज लाकडी पळीने ढवळायचे. एका वर्षी मी शहाणपणा केला. दिवस पुरे झाले नव्हते. पण बुडबुडे मंदावले, म्हणून गाळून बाटल्या भरल्या आणि घट्ट बुचे मारून पलंगाखाली ठेवल्या. नाताळच्या आदल्या रात्री, प्रार्थनेसाठी निघायच्या वेळी, पलंगाखाली बंदुकीसारखा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. साखर संपली नव्हती, किण्व जिवंत होते आणि वायूला वाट नव्हती. आई एक शब्द बोलली नाही. केरसुणी आणि फडके माझ्या हाती दिले. आंबवण्यातले धोके साधारण याच जातीचे असतात. बाटली फुटते, वाइन आंबट होते, पोट बिघडते, क्वचित काच लागते. कोणाची दृष्टी जात नाही.

आता गाळण्याकडे वळू.

गाळण्याचे यंत्र मद्य तयार करीत नाही. आधीच तयार झालेले मद्य ते पाण्यापासून बरेचसे वेगळे काढते, एवढेच. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून आंबलेला रस तापवला की निघणाऱ्या वाफेत मद्यार्काचा वाटा रसातल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. ती वाफ थंड केली की तीव्र मद्य ठिबकू लागते. पुस्तकात हे एका ओळीत आटोपते आणि ती ओळ वाचून अनेकांची फसगत होते. आंबलेल्या रसात मद्यार्क पाच-सात टक्केच असतो. तो रस ७८ अंशांवर उकळतच नाही, नव्वदीच्या पुढे जावे लागते. जसजसा मद्यार्क कमी होतो, तसतसे तापमान चढत जाते. दोन द्रव एकामागून एक शिस्तीत बाहेर पडतात असे नव्हे. गर्दीतून मंडळी निघावीत तसे ते निघतात. चपळ आधी, जड मागून, आणि मधे सारी सरमिसळ.

ही सरमिसळ ओळखण्याची विद्या मी भट्टीवर पाहिली. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. आपल्या लोकांनी त्याच्या बोंडूपासून मद्य काढले आणि ते इतके आपलेसे केले, की २००९ साली काजूच्या फेणीला गोव्याचे म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. हंगाम मार्च ते मे. बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. पिकून खाली पडलेले वेचतात, बी पिळून वेगळी करतात. पूर्वी कातळात कोरलेल्या कोळमीत पायांनी तुडवीत, आता बहुतेक ठिकाणी यंत्र फिरते. तुडवल्यावर उरलेल्या चोथ्याची वेलीने बांधलेली रास करून तिच्यावर जड दगड ठेवतात. त्यातून हळूहळू झिरपणारा नितळ रस म्हणजे नीरो. उन्हातून आलेल्या माणसाला यासारखे पेय नाही. परंतु ते सकाळीच प्यावे, दुपारी त्याचे गुण बदलू लागतात. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. पुडी नाही, धायटी नाही. बोंडूच्या सालीवरचे आणि भांड्यातले किण्व पुरेसे होते.

आंबलेला रस ज्या मडक्यात तापवतात ते भाण. पूर्वी ते मातीचे असे, आता तांब्याचे. त्याच्या तोंडावर लाकडी झाकण, सांधे चिखलाने लिंपलेले, आणि बाजूने निघालेली नळी दुसऱ्या लांब मानेच्या भांड्यात उतरलेली. या दुसऱ्या भांड्याला लवणी म्हणतात. लवणीवर सतत गार पाणी ओतीत राहायचे, म्हणजे आत आलेल्या वाफेचे पाणी होते. हल्ली लवणीच्या जागी पाण्याच्या हौदात तांब्याचे वेटोळे आले आहे. काम तेच, श्रम कमी. पहिल्या गाळणीतून निघते ते हुर्राक, सुमारे पंधरा टक्के मद्यार्काचे. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळले की बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची फेणी होते. हुर्राक हा शब्द अरबी 'अरक' या शब्दाच्या कुळातला. त्याचा मूळ अर्थ घाम. थंड भांड्याला आतून घाम सुटावा, तसेच हे होते. आणि फेणी हा आपला संस्कृत 'फेन'. बाटली हलवली की वर मण्यांसारखा फेस धरतो, म्हणून.

भाण आणि लवणी ही जोडी पाहिली की मला नेहमी तक्षशिलेची आठवण होते. सर जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तेथे उत्खनन केले. तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे जुळवून गाळण्याचे यंत्र उभे राहते, असे त्यांनी दाखवले. पुढे रेमंड अल्चिन यांनी १९७९ साली, पेशावरजवळच्या शैखान ढेरी येथील अवशेषांचा आधार घेऊन, ऊर्ध्वपातनाचे मूळ घर भारतच असावे काय, असा प्रश्न मांडला. सर्वच विद्वानांना तो मान्य नाही. परंतु मातीचे मडके, तिरकी नळी आणि पाण्याने थंड केलेले ग्राहक भांडे ही त्या यंत्राची रचना सत्तरीच्या भट्टीवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. कनोजला अत्तर काढतात तेही असेच; तेथे मडक्याला देग आणि ग्राहक भांड्याला भपका म्हणतात.

मी जातो त्या भट्टीवरचे म्हातारबाबा दिवसभर फारसे काही करताना दिसत नाहीत. लाकूड पुढे सारतात, मागे ओढतात. एकदा मी विचारले, "बाबा, जाळ एवढा मंद का? लवकर नाही का आटोपणार?" ते म्हणाले, "मास्तर, जाळ वाढवला तर रस उतू जाऊन नळीत शिरेल. मग दारू नाही, लापशी उतरेल." थोड्या वेळाने त्यांनी हौदाच्या पाण्यात हात घातला, ते कोमट लागताच वरचे काढून गार पाणी सोडले. पाणी तापले की वाफ पुरती जमत नाही. उरलेली वाफ हवेत सुटते आणि जवळच जाळ असतो. चिमूटभर दुर्लक्षाने भट्टी पेटते ती अशी. नळी चोथ्याने तुंबली तर भाण बाटलीसारखेच फुटते. फरक इतकाच, की येथे फुटलेल्या भांड्याखाली विस्तव असतो. आता हे दृश्य सदनिकेतल्या गॅसच्या शेगडीशेजारी, खिडक्या लावून, कल्पून पाहावे.

नळीतून पहिले थेंब आले, ते बाबांनी वेगळ्या वाटीत धरले आणि बाजूला ओतून दिले. आपल्या बोलीत 'पहिल्या धारेची' हा गौरवाचा शब्द आहे. पहिली धार कडक असते हे खरे. पण तिच्यात मद्यार्काबरोबर त्याहून चपळ अशी काही द्रव्ये गर्दी करून येतात. नखांच्या रंगासारखा किंवा डिंकासारखा तिचा उग्र वास त्यांचाच. ज्या धारेची आपण मिशीवर ताव देऊन वाखाणणी करतो, ती जाणता भट्टीवाला पेल्यात पडू देत नाही. शेवटची धारही तो घेत नाही. तिला ओल्या फडक्याचा वास येतो. मधला भाग कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे तो नाकाने, बोटावर चोळून आणि फेसाचे मणी पाहून ठरवतो. काचेचा तरंगकाटाही वापरतात. त्याच्या अंशांना गोव्यात अजून 'ग्राव' हा पोर्तुगीज शब्द आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिली धार टाकली की विष गेले, असे अनेकांना वाटते. विष म्हणजे मिथेनॉल, काष्ठमद्य. ते फळांतल्या पेक्टिनपासून आंबवताना अल्प प्रमाणात तयार होते आणि गाळताना सगळे पहिल्या धारेत येत नाही. थोडे थोडे शेवटपर्यंत येत राहते. नीट आंबवलेल्या फळरसात त्याचे प्रमाण इतके थोडे असते, की मद्यार्काच्या सोबतीत ते सहसा बाधत नाही. मग वर्तमानपत्रांत वाचतो ती विषारी दारूची बळीसत्रे कोठून येतात? जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळिसाहून अधिक मेली. बोटादच्या प्रकरणात तर गाळण्याचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातले मिथेनॉल पाण्यात कालवून दारू म्हणून विकले गेले होते. फळ नाही, किण्व नाही, भाण नाही. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते, आणि आपण काय पीत आहोत हे त्यांना कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

मार्ग नव्हता, हे शब्दशः घ्यावे. मिथेनॉलची चव व वास साध्या मद्यार्काहून ओळखू येण्याजोगे वेगळे नाहीत. काडी लावून निळी ज्योत पाहण्याची परीक्षा गावोगाव प्रचलित आहे. ती व्यर्थ आहे, कारण दोन्ही जळतात. फेसाच्या मण्यांवरून तीव्रता कळते, शुद्धता नव्हे. दहा मिलिलिटर मिथेनॉलने दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटरने प्राण. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टिमज्जेवर घाला घालते. त्यातही घातक गोष्ट अशी, की लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. माणूस नशा उतरली असे समजून झोपतो, आणि सकाळी डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसू लागते. पोटात कळ येते, श्वास जोरात चालतो. अशा वेळी लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने घरात थांबू नये. रुग्णालयात यावर उतारा आहे, रक्तशुद्धीकरण आहे. पण एकेक तास मोलाचा असतो. काय प्यायलो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

यंत्राच्या धातूविषयीही दोन शब्द. तांबे उगाच वापरीत नाहीत. रसातली गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्ये ते धरून ठेवते. पण आंबट रस तांब्यात पडून राहिला तर काय होते, ते आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. ताक किंवा आमटी जशी बिनकल्हईच्या भांड्यात कळकते, तसेच ते. म्हणून भाण प्रत्येक वेळी घासून स्वच्छ करतात. चोरून गाळणारे मात्र हाताला येईल ते वापरतात. मोटारीच्या जुन्या रेडिएटरमधून वाफ थंड केल्याची उदाहरणे देशोदेशी आढळली आहेत. त्यातल्या डाखात शिसे असते आणि ते थेट मद्यात उतरते.

राहता राहिला कायदा. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्रात त्या राज्याच्या नावाने चालतो, गुजरातेत गुजरातच्या. त्यात विनापरवाना दारू गाळणे तर गुन्हा आहेच. त्या हेतूने भट्टी, भांडी किंवा साहित्य बाळगणे हाही गुन्हा आहे. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षमद्याची सोय तेवढी वेगळी केलेली आहे. बडोद्याच्या श्रोत्यांना अधिक सांगणे नको. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना मोहाची दारू घरच्या वापरासाठी ठरलेल्या मर्यादेत गाळण्याची मुभा आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या शहरवासीयांना ती लागू नाही. गोव्यात १९६४ च्या अबकारी कायद्याखाली भट्टीला परवाना लागतो. न्यूझीलंडने १९९६ मध्ये घरगुती गाळणे मोकळे केले. पण असे देश मोजकेच. आंबवण्याच्या बाबतीत अनेक देश उदार आहेत. आपल्याकडे मात्र घरच्या वाइनलाही परवान्यातून सूट आहे असे समजू नये. नाताळच्या बरणीकडे सरकार काणाडोळा करते, एवढेच.

या कायद्याची एक बाजू मला खुपते, ती बोलून टाकतो. सत्तरीतून दोडामार्गाकडे गेले की झाडे तीच, माती तीच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या नामवंत जाती दिल्या त्या याच पट्ट्याला. पण सीमा ओलांडली की बी उचलली जाते आणि बोंडू बहुतांशी झाडाखाली कुजतो. काही टेम्पोत भरून गोव्याकडे जातो. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेले फळ पायदळी जाते. सरबत, सिरप यांचे प्रयोग झाले आहेत, होत आहेत. परंतु मोसमातला ढीग पाहिला की ते अपुरे आहेत हे डोळ्यांना दिसते. गाळण्याची विद्या वाईट नाही. ती हाताळणारा हात, तपासणारा डोळा आणि जबाबदार धरता येईल असे नाव या तीन गोष्टी तिच्यामागे हव्यात. परवानाधारक भट्टीमागे त्या असू शकतात. अंधाऱ्या खोलीतल्या कुकरामागे त्या असू शकत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले, तेव्हा तो थोडा हिरमुसला. "म्हणजे काहीच घ्यायचे नाही?" असे म्हणाला. मी म्हटले, तो तरंगकाटा घे. साखरपाण्यात, दुधात, उसाच्या रसात बुडवून पाहा. शाळेत जे शिकवायचे राहिले ते तो शिकवील. आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांची रजा काढ. सत्तरीच्या बाबांना मी निरोप पाठवला आहे. हौदाचे पाणी बदलायला त्यांना कोणीतरी हवेच आहे. गेल्या हंगामात त्यांचा मुलगा मडगावला नोकरीला लागला.